टाकानिनीतली मुघल मूठ

आईच्या तेराव्याला माझ्या धाकट्या भावाने, परेशने, मला पितळेचे डबे दिले आणि खंजिराची मूठ स्वतःच्या बॅगेत टाकली. मूठ मृदुलाची, म्हणजे माझी, असं आई आम्हा दोघांसमोर म्हणाली होती.

"काच आहे गं ताई. आठवण म्हणून नेतो."

मी गप्प बसले. सहा वर्षं बसले.

२००७ साली त्याने न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडजवळच्या टाकानिनीत घर बांधलं आणि मला पुण्याहून वास्तुशांतीला बोलावलं. मी आठवडाभर आधीच पोचले. हॉलमध्ये, टीव्हीच्या वर, दिव्याखाली, काचपेटीत मूठ. हिरवट जेडचं घोड्याचं तोंड, डोळ्यांत माणकं, मानेवर सोन्यात जडवलेली फुलं. खाली पाटी: 'मुघल, सतरावं शतक'. काचेला बढती मिळाली होती.

मी तोंडभर कौतुक केलं. मग ऑकलंडच्या सँडरिंगहॅम भागातल्या भारतीय वाण्याकडे पोहे घेताना ओळख झालेल्या गुरुनाथकाकांना वास्तुशांतीच्या जेवणाचं आमंत्रण दिलं. काका मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. पुरातत्त्व खात्यातून निवृत्त झालेले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नव्हतं.

वास्तुशांतीला दाराशी चाळीस जोड जँडल्स, म्हणजे तिकडच्या रबरी चपला. परेश पाहुण्यांना पेटीसमोर उभं करून सांगत होता, "पणजोबांना दरबारातून मिळाली." पणजोबा तलाठी होते.

काकांनी चष्मा पुसला. "सतरावं शतक? नक्की?"

"हंड्रेड पर्सेंट, काका."

"मग भारताबाहेर कशी आणलीत, परेशराव? शंभर वर्षांवरची वस्तू नेता येत नाही. गुन्हा आहे. दिल्लीला कळवायला हवं मला."

राजश्री, परेशची बायको, श्रीखंडाचं पातेलं धरून तशीच उभी राहिली.

"अहो काका, गंमत केली! काच आहे. जुन्या बाजारातली."

"बट डॅड, यू टोल्ड माय होल क्लास..." त्याची मुलगी इरा म्हणाली.

"इरा, गप्प! काच आहे!"

"नीट सांग रे," मी म्हटलं, "मागच्यांना ऐकू आलं नाही."

"काच, ताई! काच!"

"मग दे मला. आठवण म्हणून नेते."

पेटीला चार स्क्रू होते. स्क्रूड्रायव्हर मीच शोधून आणला.

"पुण्याला परत जात असेल, तर माझी काही तक्रार नाही," असं म्हणून काका श्रीखंडाकडे वळले.

काच हातात लगेच तापते. मूठ मी जेवण होईपर्यंत मांडीवर धरून बसले. गारच होती.

निघताना परेशला म्हटलं, "पाटी राहू दे तुला."