पाचव्या मैलाची साक्ष

बोलायची मला सवय नाही. दगडाने उभं राहावं, बोलू नये, असं मी मानतो. पण एकदा माझ्यासमोर खोटी साक्ष झाली आणि ज्याला सगळं ठाऊक होतं त्याला, म्हणजे मला, कोणी विचारलं नाही. म्हणून हे चार शब्द.

मी मैलाचा दगड. जालन्याहून बदनापूरकडे निघालात की पाचवा. पाथरवटाने मला खाणीतून काढलं, तासलं, डोकं गोल केलं आणि छातीवर पाचाचा आकडा कोरला. माझं शिक्षण तेवढंच. पाचाच्या पुढचं मला येत नाही आणि पाचाबद्दल मला कोणी शिकवू नये.

काम एकच, वाटसरूला खरं सांगायचं. थकलेला माणूस यायचा, माझ्यावर टेकायचा, पाणी प्यायचा, ‘पाच झाले’ म्हणायचा आणि उठून चालू लागायचा. निजामाचं राज्य गेलं, मी पाचच सांगितलं. देशाची घटना आली, तेव्हाही पाचच. मी हललो नाही.

पण बावन्न साली समोरच्या वस्तीवरच्या सोनूबाईची गाय हरवली. बाई दोन दिवस शोधत हिंडली आणि शेवटी माझ्याजवळ बसून रडली. तेवढ्यात गाय आली. माझ्यामागे विहीर आहे, गाय पाण्यासाठी आली. सोनूबाईला तसं वाटलं नाही. तिने शेंदूर आणला आणि माझा आकडा बुजवून टाकला. मी पाचोबा झालो.

त्या दिवसापासून माझ्यावर कोणी टेकलं नाही. लोक लांबून हात जोडतात. पोरगा मागतात, पाऊस मागतात, कोर्टातल्या दाव्याचा निकाल मागतात. किती मैल आलो, हे कोणी विचारत नाही.

सत्तावन्न सालच्या सव्वीस जानेवारीला जालन्यातल्या एका व्यायाम मंडळाने शर्यत ठेवली. जालन्याहून निघायचं, मला वळसा घालायचा आणि परत जालना. दहा मैल. आमच्याकडचा माणूस आगगाडी चुकत असली तर पळतो, कुत्रं मागं लागलं तर पळतो. कारण नसताना पळणारी माणसं या रस्त्याने पहिल्यांदाच पाहिली.

त्यात भुजंग शिंपी होता. वय बेचाळीस. दिवसभर मशीनवर बसून पोट सुटलेलं. मिशी मात्र अशी, की पोटाकडे कोणाचं लक्ष जाऊ नये.

पंधरा दिवस तो सरावाला येत होता. कसा, ते मी पाहिलं आहे. अजमत टांगेवाला त्याचा दोस्त. भुजंग त्याच्या टांग्यात बसून यायचा, माझ्या अलीकडे शंभर पावलांवर उतरायचा, धोतर खोचून माझ्यापर्यंत पळायचा, मला हात लावायचा आणि टांग्यात बसून परत जायचा.

एक दिवस अजमत म्हणाला, “भुजंगशेठ, तुमी कुठं पळून राह्यले? माझा घोडा पळून राह्यला. शर्यतीत त्याचं नाव घाला.”

भुजंगला ते लागलं. “दहा मैल जाऊन येईन, अजमत. वाटेत कुठं बूड टेकणार न्हाई.”

“आन टेकलं तर?”

“तर ही मिशी उतरवीन.”

“बिलकुल?”

“बिलकुल!”

“ठीक. न्हाई टेकलं तर आठ दिवस माझा टांगा तुमच्या दारात. म्हणाल तिथं नेतो.”

ही साधी पैज नव्हती. आमच्याकडे मिशी उतरवतात ती बाप गेल्यावर. भुजंगचा बाप जिवंत होता आणि रोज ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी घेत होता.

शर्यतीच्या दिवशी दीनानाथ मास्तर पंच म्हणून माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसले. गळ्यात शिट्टी, मांडीवर वही, हातात नियमांचं पुस्तक. पुस्तकात लिहिलं होतं, वळताना दगड डाव्या हाताला ठेवायचा.

सोनूबाई काठी घेऊन आली. “देव डाव्या हाताला? म्हंजी उलटी प्रदक्षिणा? मास्तर, तुमी शिकलेले का शिकून बिघडलेले?”

“बाई, हा सरकारी दगड आहे.”

“सरकारी असंल तुमची खुर्ची. ह्यो पाचोबा हाय!”

एवढ्यात पहिला गडी आला. तालमीतला, हरणासारखा. मास्तर एका बाजूने हात करत होते, सोनूबाई दुसऱ्या बाजूने काठी. तो जागीच थांबला. मग देवाला भ्याला आणि सरळ प्रदक्षिणा घालून गेला. मास्तरांनी वहीत त्याच्या नावावर फुली मारली.

शर्यतीत सत्तावीस जण होते. एकोणीस देवाला भ्याले, त्यांच्यावर फुल्या पडल्या. सात मास्तरांना भ्याले, ते उलटे गेले. त्यातल्या एकाच्या पोटरीत तिथल्या तिथे गोळा आला. मग काय विचारता! सोनूबाईने उलट्या एका फेरीवर सरळ पाच फेऱ्यांचा उतारा सांगितला आणि सातही जण माझ्याभोवती गरगरा फिरू लागले. अजून पाच मैल परत पळायचं आहे, हे मास्तरही विसरले. ते फेऱ्या मोजत होते.

उरला भुजंग. तो तासाभराने आला. तोंड विटेसारखं लाल, धोतर सुटायला आलेलं. मागे अजमतचा रिकामा टांगा, पावलापावलाने.

“शेठ, गादी नवी टाकली. हात लावून तरी बघा.”

भुजंगने नुसती मान हलवली. बोलायला दम नव्हता.

“दगड डाव्या हाताला!” मास्तर ओरडले.

“उजव्या हाताला, भुजंग! न्हाई तर तुझ्या बापाला सांगंन!” सोनूबाई ओरडली.

त्याने दोघांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि सरळ मला ओलांडायला पाय उचलला. एक पाय पलीकडे गेला. दुसऱ्याने ऐकलं नाही. सगळं वजन माझ्या डोक्यावर आलं.

तो बसला. मी सांगतो, बसला. डोळे मिटून, दोन्ही पाय सोडून, चांगला पाणी पिण्याइतका वेळ बसला. पाच वर्षांनी माझ्यावर थकलेला माणूस टेकला होता. मला बरं वाटलं, ते मी लपवत नाही.

“टेकलं!” अजमत टांग्यात उभा राहिला. “मास्तर, बघा बघा! मिशी गेली!”

भुजंग ताडकन उठला. “टेकलं न्हाई. ओलांडून राह्यलो व्हतो.”

“इतका वेळ?”

“देव मोठा हाय.”

मास्तरांनी चष्मा पुसला. “सोनूबाई, तुम्ही अगदी जवळ होतात. हा बसला की नाही?”

सोनूबाईचं तोंड शिव्या द्यायला उघडलं होतं. ते तसंच राहिलं. बसला म्हणावं, तर देवावर बसला. मग देव कसला आणि पाच वर्षांचे नारळ कसले?

“माझ्या देवावर कोणी बसत न्हाई,” ती म्हणाली. “त्यो बसला न्हाई. पाचोबानं त्याला वरच्या वर उचलून धरला व्हता.”

मास्तरांनी लिहिलं, ‘स्पर्धक सत्तावीस दगडावरून गेला. नियमात मनाई नाही.’

अजमतने कपाळाला हात लावला. “तुमच्या देवानंच गवाही दिली. मंग मी गरीब काय बोलणार?”

भुजंग गेला, पायीच गेला. जालन्यात पोचेपर्यंत मांडव सोडून झाला होता म्हणे. सोनूबाईने त्याच संध्याकाळी माझ्याभोवती बाभळीच्या फांद्या रोवल्या, की पुन्हा कोणाला ओलांडायची बुद्धी होऊ नये.

पुढचं मला अजमतकडून कळलं. तो रस्त्याने जाताना सवाऱ्यांना सांगायचा. “पैज हरलो, टांगा बराबर दारात उभा करून राह्यलो. शेठ बाजूनं पायी जातेत. बोलत न्हाईत. दिवाना झाला माणूस.”

नवव्या दिवशी सकाळी भुजंग एकटा चालत आला. मिशी नव्हती. त्याचं तोंड मी ओळखलं नाही, वजनदार पाऊल ओळखलं.

सोनूबाई शेणाची पाटी टाकून धावली. “आगं बया! भुजंग, म्हातारा गेला का रं? कधी?”

“म्हातारा ओट्यावर बसून शिव्या देऊन राह्यला, मावशे. कालपास्नं अर्धी गल्ली रडायला आल्ती. त्याला जित्ता बघून परत गेली.”

“मंग मिशी?”

“मी बसलो व्हतो,” भुजंग म्हणाला. “तुला ठावं हाय. ह्यालाबी ठावं हाय.”

सोनूबाईने काठी उचलली. तिने माझ्याकडे पाहिलं. मग काठीने बाभळीच्या फांद्या बाजूला सारू लागली. एक काटा हाताला लागला, तिने बोट तोंडात घातलं आणि पुन्हा काठी उचलली. वाट झाली.

“पाच मैल चालत आलास,” ती म्हणाली. “टेक घडीभर.”

“देवावर?”

“बस म्हणते ना!”

भुजंग बसला. सोनूबाई समोर मातीत बसली. तिने मला हात जोडले नाहीत, काही मागितलंही नाही. दोघं रस्त्याकडे बघत राहिली. अजमतचा टांगा बदनापूरकडे गेला. त्याने भुजंगचं तोंड पाहिलं आणि लगाम ओढला. मग मान झुकवून घोडा पुढे हाकला.

मी अजून तिथेच आहे. शेंदूर वरून आहे, खाली आकडा शाबूत आहे. मागायला येणाऱ्यांना माझं सांगणं आहे, मला गाय आणता येत नाही, पोरगा देता येत नाही. पाच मैल झाले, एवढंच मी सांगू शकतो आणि ते खरं आहे. पाय दुखत असले तर खुशाल टेका. पुढे कोणी विचारलं, तर बसलो होतो म्हणून सांगा.