ठिपका घरीच होता

मी राखण बोलतेय. काठी आपटत फिरणारी नव्हे, मोबाइलमधली. दोन फोनांत मिळून माझा एक जीव. एक फोन म्हाताऱ्या माणसाच्या खिशात, दुसरा त्याची काळजी करणाऱ्याच्या हातात. पहिला कुठे आहे ते दुसऱ्याला सांगायचं, एवढंच माझं काम. नकाशावर एक ठिपका. घरी असला की हिरवा. घरापासून लांब गेला की तांबडा होतो, आणि मग मी अशी बोंब ठोकते की झोपलेला उठून बसावा.

माझा जन्म एका थंडगार खोलीत झाला. मला घडवणारी मुलं हुशार होती, खोटं कशाला बोलू? पण त्यांतल्या एकानेही म्हातारं माणूस सांभाळलेलं नव्हतं. माझ्या जाहिरातीत पांढऱ्याशुभ्र केसांचे आजोबा बागेत बसून सगळे दात दाखवत हसतात. ज्यांच्यासाठी लोक मला घेतात ते आजोबा असे हसत नाहीत. ते दाराची कडी निघते का, ते बघत असतात.

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं मला कोणी म्हणेल तर मी ऐकून घेणार नाही. माझ्या कामात माझी कधीच चूक झाली नाही. ठिपका मी नेहमी बरोबर दाखवला. त्या दिवशीसुद्धा.

मला आणलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात. माणसं दोनच, आबा आणि त्यांची लेक. आबांनी जन्मभर तेलाच्या डेपोत टँकर भरले. लेक दवाखान्यात एक्स-रे काढते. 'श्वास घ्या, रोखा, हलू नका' हे तिच्या तोंडात इतकं बसलेलं की आबांची नखं कापतानाही ती तेच म्हणायची. आबा खरंच श्वास रोखून बसायचे. मग दोघंही हसायची.

आबांच्या डोक्यातले दिवस विस्कटले होते. दुपारचं जेवण संध्याकाळी आठवत नसे. पण कुठल्या टँकरचा कुठला व्हॉल्व्ह गळायचा, ते मात्र तोंडपाठ. एकदा ते घराबाहेर पडले आणि बसच्या शेवटच्या थांब्यावर कंडक्टरला सापडले. त्याने विचारलं, "आजोबा, उतरायचं कुठे?" तर म्हणाले, "तू सांग की. बस तुझी आहे."

त्याच आठवड्यात लेकीने मला घेतलं. दूरच्या शहरात राहणारा तिचा धाकटा भाऊ आधी फोनवर भांडला.

"ताई, हे असलं सगळं फुकट मिळतं गं. पैसे कसले भरतेस?"

"फुकटातला ठिपका अर्धा तास शिळा असतो. मध्ये साबणाच्या जाहिराती. आबा नदीवर पोचतील तोवर मी साबण बघत बसू?"

"अगं, पण दर महिन्याला? हे म्हणजे भाडं झालं."

"मग तू येऊन राहा. तुझं भाडं मी देते."

मग तो म्हणाला, "बरं, घेतेच आहेस तर मलाही त्यात जोड. एकाने पैसे भरले की अख्खं कुटुंब बघू शकतं, असं लिहिलंय."

जोडला. तेव्हापासून तो उंटावरून शेळ्या हाकू लागला. दिवसातून दोनतीनदा ठिपका बघायचा आणि बहिणीला लिहायचा, 'आबा घरीच आहेत.' जणू त्यानेच धरून ठेवले होते. पूर्वी दर रविवारी तो आबांशी फोनवर बोलायचा, मग तेही राहून गेलं. ठिपका दिसतोय म्हटल्यावर बोलायचं काय? मी कोणाच्या तोंडाला कुलूप लावलं नव्हतं. तुम्ही माणसं कुलूप स्वतःच लावता आणि किल्ली आमच्या हातात देता.

आता समोरच्या दारातली काकू. शिवणकाम करून पोट भरणारी एकटी बाई. जिभेला धार कात्रीची. मी येण्याआधी आबांची राखण तीच करायची. दुपारी मशीन थांबलं की चहाचे दोन कप घेऊन इकडे यायची. लेक दवाखान्यातून फोन करायची, "काकू, आबा काय करतायत?" काकू म्हणायची, "काय करणार? माझ्या चहाला नावं ठेवतायत." कधी आबा बूट घालून बसलेले असले तर काकू बूट काढायला लावायची. कसे, ते मी पाहिलेलं नाही. पण बूट निघायचे.

मी आले आणि लेकीने काकूला फोन करायचं सोडलं.

एकदा जिन्यात दोघी समोरासमोर आल्या. काकू म्हणाली, "काय गं पोरी, तुझ्या मोबाइलला माझ्यापेक्षा जास्त दिसतं म्हणे?"

"तसं नाही हो काकू. रोज रोज तुम्हाला किती त्रास द्यायचा?"

"त्रास होतो, असं मी म्हणाले कधी?"

"तुम्ही नाही म्हणालात. पण मला वाटतं ना."

मी ओळखून आहे. लेकीला उपकाराचं ओझं नको होतं. काकूला पैसे देऊ केले असते तर तिने कात्री फेकून मारली असती. मला पैसे दिले की झालं. मला 'आभारी आहे' म्हणावं लागत नाही, माझ्या दुखण्याची चौकशी करावी लागत नाही. मी महाग आहे की स्वस्त, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मला घेतल्यावर आपण काय करायचं सोडून दिलं, याचा हिशेब कोणीच करत नाही.

तरी काकूने मनात ठेवलं नाही. आबांच्या सदऱ्याला तिने आतून एक खिसा शिवला, फोन बरोबर बसेल असा, वर बटण. "आता पडायचा नाही," म्हणाली. त्या खिशात मी राहायचे. आबांचं काळीज माझ्या शेजारीच धडधडायचं. सुखाचे दिवस होते ते.

त्या दिवशी थंडी होती. लेक कामावर गेलेली. आबा जेवून निजले, आणि उठले ते वेगळेच उठले. पाठ ताठ, आवाज ताठ. "कामाची पाळी चुकेल," असं म्हणत त्यांनी बूट घातले. नाडी नीट बांधली. दाराजवळ चपलांचं कपाट आहे. तिथे उभं राहून त्यांनी खिशाचं बटण काढलं, मला बाहेर घेतलं आणि कपाटावर ठेवलं. माझ्या शेजारी घड्याळ. घड्याळाशेजारी किल्ल्या. मग बोट चोळून चोळून अंगठी काढली आणि तीही ओळीत ठेवली. सदऱ्याचा रिकामा खिसा पुन्हा बंद केला.

डेपोच्या फाटकावर एक फळी होती. आत जाण्याआधी ठिणगी पडेल असं जे काही अंगावर असेल ते त्या फळीवर काढून ठेवायचं. आबांनी ते इतकी वर्षं केलं होतं की डोकं विसरलं तरी हात विसरले नव्हते.

"येताना नेतो," असं मला सांगून ते गेले.

मी हिरवीच राहिले. फोन घरात होता, मग तांबडी कशी होणार?

दवाखान्यात लेकीने दोन पेशंटांच्या मधे मला उघडलं. घरी आहेत. तिकडे भावाने उघडलं. घरी आहेत. 'बराच वेळ हालचाल नाही,' असंही मी कळवलं, ती सोयसुद्धा तिने पैसे भरून घेतली होती. तिने ते वाचलं आणि शेजारच्या नर्सला म्हणाली, "झोपलेत वाटतं. बरं झालं, रात्री डोळ्याला डोळा नव्हता." आणि पुढच्या पेशंटला श्वास रोखायला सांगितलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. कपाटावर फोन दिसला तसा तिने उचलला. "विसरले," एवढंच म्हणाली आणि धावत खाली गेली. बसथांबे, बाग, नदीचा पूल, पोलीस ठाणं. काकू बरोबर होती. भाऊ फोनवरून रस्ते सांगत होता, त्याला न दिसणारे.

उजाडताना दोघी परत आल्या, आबांचा एखादा अलीकडचा फोटो शोधायला. दिवा लावला आणि लेकीची नजर कपाटावर गेली. घड्याळ, किल्ल्या, अंगठी. ओळीत. अंगठी कोणी विसरत नाही. लहानपणी आईबरोबर डबा घेऊन ती त्या फाटकाशी उभी राहिलेली होती, ती फळी तिने पाहिलेली होती.

"काकू," ती म्हणाली, "आबा कामावर गेलेत."

डेपो केव्हाच बंद पडलाय. फाटकाला साखळी, आत गवत. आबा फाटकाला पाठ टेकून बसलेले सापडले. जिवंत नव्हते. कोणी दार उघडेल म्हणून रात्रभर थांबले असावेत. खिशाचं बटण लावलेलं होतं, हे काकूने मागाहून सांगितलं.

आणखी एक गोष्टही तिने तेव्हाच सांगितली. त्या दुपारी आबांचे बूट जिन्यात वाजले ते तिने ऐकले होते. मशीन चालू होतं. पूर्वी ती उठली असती. "म्हटलं, पोरगी बघतेय ना तिकडून," एवढंच ती म्हणाली. लेकीने तिच्याकडे पाहिलं नाही. तिला दोष द्यायला लेकीकडे तोंड होतं कुठे?

भाऊ आला, रडला, आणि रडून झाल्यावर चिडला. "एवढे पैसे मोजत होतीस, त्याचं काय झालं?"

"तूही बघत होतास," लेक म्हणाली.

त्याने ॲपच्या पानावर मला पाचांपैकी एकच तारा दिला आणि लिहिलं, 'माझे वडील गेले.' कंपनीचं उत्तर लगेच आलं. 'आपल्या अनुभवाबद्दल खेद वाटतो. फोन संबंधित व्यक्तीच्या जवळच राहील याची कृपया काळजी घ्यावी.' मला हात असते तर मी ते खोडलं असतं. खोटं होतं म्हणून नाही. खरं होतं म्हणून.

आज लेक मला बंद करतेय. काकू शेजारी बसलीय, हातात चहा तसाच गार. बंद करतानाही मी सुखासुखी जात नाही, मला तसं बांधलंय. मी विचारलं, 'आपण का सोडून जात आहात? कारण निवडा.' खाली चार कारणं. वापरायला अवघड. दुसरं ॲप मिळालं. आता गरज नाही. किंमत परवडत नाही.

'आता गरज नाही'वर तिचं बोट आलं आणि मागे गेलं. तिथे ती ते दाबू शकेना. मग तिने 'किंमत परवडत नाही' दाबलं.

आणि मी काय केलं? जे शिकवलंय ते. पडद्यावर फुगे उडवले आणि म्हणाले, 'थांबा! फक्त तुमच्यासाठी, पुढचं वर्ष अर्ध्या किमतीत!'

माझं ऐका. मला घ्यायचं तर खुशाल घ्या, मी कामचुकार नाही. पण मी फोन राखते, माणूस नाही. माणसाला माणूसच लागतं, जे मशीन थांबवून उठेल, चहाला नावं ठेवू देईल, बूट काढायला लावेल. त्याचे उपकार होतील. होऊ द्या. उपकारांनी कोणी मरत नाही.

लेकीने फोन काकूपुढे धरला. काकूने चष्मा सावरून फुगे पाहिले, अक्षरं जुळवून वाचली.

"अर्ध्या किमतीत," ती म्हणाली, "काय परत देतात गं?"

काकूनेच बोट पुढे केलं, 'बंद करा' दाबलं आणि मला—