तिसरं कोटेशन

“मग हा टाका नुसता सुईवरून उचलायचा, विणायचा नाही,” आई सांगत होती. “कळलं का गं?”

पडद्यावरची मुलगी मान तिरकी करून, तोंड अर्धवट उघडं ठेवून बसली होती. कळलं असंही म्हणेना आणि नाही असंही म्हणेना.

“अगं, गेली लाइन,” कोटेशनकाका म्हणाले आणि खुर्चीवर चढून कपाटावरचा इंटरनेटचा डबा बंद-चालू करू लागले. त्यांची बायको मात्र त्या थिजलेल्या चेहऱ्याला पुढचा टाका समजावत राहिली. मग तिनं हळूच विचारलं, “अहो, ती काही बोलत का नाही? मी काही चुकीचं बोलले का?”

कोटेशनकाका हे नाव त्यांना गल्लीनं दिलेलं. पंपाच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर खरेदी खातं सांभाळलं. खिळे घ्यायचे असोत की लेथ मशीन, तीन ठिकाणचे भाव समोर आल्याशिवाय त्यांची सही मिळायची नाही. माणूस निवृत्त झाला, सवय झाली नाही. छत्रीसाठी तीन दुकानं, दाढेसाठी तीन डॉक्टर. तिसरा डॉक्टर सापडेपर्यंत दाढच पडून गेली. बायको पूर्वी आल्यागेल्याला हसत सांगायची, “मीसुद्धा तिसरं कोटेशनच हो. माझ्याआधी दोघींना नाकारून आले होते!” हल्ली ती हे सांगत नसे. हल्ली ती बरंच काही विसरू लागली होती.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, पण खरं बोलले ते दाराशी. “मुलगी रोज दिसू दे, बोलू दे. वापरात असलेली ओळख जास्त टिकते.” मुलगी दूरदेशी नर्स होती. वर्षअखेरीशिवाय तिला रजा नव्हती. ड्यूटी संपली की ती रोज दुपारी व्हिडिओवर यायची, आणि रोज दुपारी लाइन दगा द्यायची.

दुरुस्तीवाल्यानं भिंतीतून ओघळलेली तार हातात धरून सांगितलं होतं, “काका, ही म्हातारी झालीय. जोडावर जोड दिलेत. आता दुसरं काहीतरी बघा.”

काका बघायला लागले. बघण्यात तर त्यांचा हातखंडा. फायबरवाले म्हणाले, एकदा बसलं की हलणार नाही, पण भिंत फोडावी लागेल आणि नंबर लागेपर्यंत थांबावं लागेल. सिमकार्डावर चालणारा डबा दुकानात तयार मिळत होता, पण टॉवरची मर्जी सांभाळायची. तिसरा प्रकार गच्चीवर बसवायच्या, थेट उपग्रहावरून इंटरनेट घेणाऱ्या डिशचा. तिचा माणूस ‘उद्या येतो’ म्हणाला होता.

“बाबा, तो सिमवाला डबा आजच आणा,” मुलगी म्हणाली. “नाही चालला तर बघू पुढचं पुढे.”

“पुढचं पुढे कसं? वस्तू घ्यायची ती एकदाच. आणि हे तुझ्या आईचं औषध आहे. चुकीचं आणून कसं चालेल?”

“अहो बाबा, पण काहीच नसण्यापेक्षा—”

तिचं म्हणणंही लाइननं गिळलं.

शेजारीण शाळेत शिकवायची. वर्गातल्या मुलांशी बोलावं तसंच ती काकांशी बोलायची. “काका, दोन घरांत एकच भिंत आहे. माझ्या वायफायचा पासवर्ड टाका आणि मोकळे व्हा. नवीन येईपर्यंत तरी.”

“छे छे! दुसऱ्याच्या नळाला आपली बादली किती दिवस लावायची?”

“मी काकूंसाठी म्हणतेय, तुमच्यासाठी नाही.”

काकांनी ते हसण्यावारी नेलं. मनातून त्यांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण आयुष्यभर ज्या माणसानं कुणाचा चहाही उगाच घेतला नाही, त्याचा हात पासवर्ड टाकायला पुढे होईना.

डिशवाल्याचा ‘उद्या’ काही उजाडत नव्हता. फोन केला की म्हणायचा, “नक्की येतो साहेब.” इकडे फोन तुटून तुटून मुलगी थकली. कधी कधी नुसताच निरोप पाठवू लागली, आणि निरोप काही डोळ्यांत बघून बोलत नाही. विणकाम एकाच ओळीवर येऊन अडलं. बायको ती ओळ विणायची, उसवायची, पुन्हा विणायची. एकदा कात्री मागायची होती तर नुसतीच दोन बोटं उघडून मिटून दाखवू लागली. काकांनी कात्री आणून तिच्या हातात दिली. हे सगळं ते बघत होते. तरी दोन भावांवर खरेदी करायची नाही, हे कुठेतरी आत इतकं पक्कं बसलं होतं की ते डिशवाल्याची वाट बघत राहिले.

एकदाचा तो आला. गच्चीवर गेला, समोरच्या उंच इमारतीकडे बघून मान हलवली. “इथे आकाशच मोकळं नाही साहेब. नाही बसणार.”

काकांनी त्याच दिवशी फायबरसाठी नंबर लावला. तो लागायलाही आणखी दिवस गेलेच. शेवटी माणसं आली, भिंतीला भोक पडलं, नवा डबा बसला. वरातीमागून घोडं आलं, पण काकांना ते अजून कळायचं होतं. त्यांनी बायकोचे केस स्वतः विंचरले, तिची खुर्ची पडद्यासमोर ओढली.

मुलगी दिसली. इतकी स्वच्छ, की तिच्या डोळ्यांखालची जागरणंही दिसत होती.

“आई! दिसतेय का गं मी?”

“दिसताय ना,” आई पाहुण्यांशी हसतात तशी हसली. “छान दिसताय. कोणाकडे काम होतं?”

मुलीला आधी गंमत वाटली. “आई, काय गं हे! मी आहे.”

“हो हो.” मग आई थोडी पुढे झुकली आणि दबक्या आवाजात म्हणाली, “राग मानू नका हं, पण जरा लवकर आटपा. या वेळेला माझ्या मुलीचा फोन येतो. आमची लाइन फार वाईट. बिचारीला सारखा परत परत लावावा लागतो.”

काका खुर्चीमागे उभे होते. लाइन आत्ता तुटावी, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं. ती तुटली नाही. मुलीनं आईच्या खांद्यावरून बापाकडे पाहिलं. त्यांनी भिंतीतल्या ओल्या सिमेंटकडे नजर वळवली.

“बरं काकू,” मुलगी म्हणाली. “ठेवते मी.” तिचा आवाज भरून आला होता, तोही अगदी स्पष्ट ऐकू आला.

“या हं,” आई म्हणाली.

पडदा काळा झाला. ती मांडीवर हात ठेवून बसून राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, “अहो, आज उशीर केला हो तिनं.”

“तिनं नाही,” काका म्हणाले. “मी केला.”

“तुम्ही कशाला कराल?” ती हसली. “तुम्ही तर घरातच असता.”

आणि पुन्हा पडद्याकडे तोंड करून वाट बघू लागली. काकांनी दुसरी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसले.