बाजारभावाप्रमाणे

गावात कुठलाही सरकारी कागद आला की तो वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. मी डी.एड. झालेली, ग्रामपंचायतीची सदस्य, त्यात आवाज खणखणीत. बायका म्हणायच्या, सुवर्णानं वाचलं की कळतं. त्या कौतुकानं मी जरा जास्तच फुगले होते, हे आता कबूल करायला हवं.

आमचं गाव चांदवडच्या अलीकडे. बोअरचं पाणी मचूळ, म्हणून पंचायतीनं पाणी फिल्टर करायचं यंत्र बसवलेलं. वीस लिटरचा जार पाच रुपयांना. पण यंत्र महिन्यातले दहा दिवस बंद. कधी मोटर जळाली, कधी चालवणारा लग्नाला गेला, आणि प्रत्येक वेळी फोन मला. मी वैतागले. दोन वर्षांपूर्वी ग्रामसभेत मीच उठून म्हणाले, खासगी ठेकेदाराला चालवायला देऊन टाका, ज्याचा धंदा आहे तो बंद ठेवणार नाही.

करारही मीच वाचला. ‘दर बाजारभावाप्रमाणे राहील’ या ओळीवर म्हाताऱ्या बयाबाईंनी विचारलं, “म्हंजी काय गं?”

मला नीट माहीत नव्हतं. तरी न अडखळता म्हणाले, “कांद्यासारखं. कधी चढेल, कधी पडेल.”

सभा हसली. कांदा पिकवणारं गाव आमचं. भाव म्हटला की तो पडणारच, असा सगळ्यांचा अनुभव. हात वर झाले.

त्यानंतर यंत्र खरंच एकही दिवस बंद पडलं नाही. मात्र जार दहाचा झाला, मग पंधराचा, यंदाच्या उन्हाळ्यात वीसचा. भाव पडला एकदाही नाही. पडेल कशाला? कांदा विकायला अख्खा तालुका बाजारात उभा असतो, पाणी विकणारा गावात एकटाच. एवढी साधी गोष्ट मला तोंड उघडण्याआधी सुचू नये?

करार वाढवायची सभा ठरली, तेव्हा आदल्या दिवशी मी बयाबाईंकडे गेले. त्या बोलल्या की बायका ऐकतात. दर कमी करून घ्यायला त्यांची साथ हवी होती. त्यांनी आधी फिल्टरच्या पाण्याचा ग्लास माझ्या हातात दिला, आणि स्वतः माठातलं मचूळ पाणी प्यायल्या.

“तुम्ही जार घेत नाही?”

“घेतो ना, आठवड्याला एक. नातीला आन् आल्या-गेल्याला. मला काय, सवय हाय.” मग मलाच धीर देत म्हणाल्या, “तू नको मनाला लावून घेऊ. मी समद्यांना सांगते, सुवर्णालाबी फसवलं त्यांनी. तिला ठाव असतं तर ती बोलली असती.”

मला मान वर करवेना. अशी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

“मावशी, मला कुणी फसवलं नाही. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी सभेआधी विचारलं होतं, जास्तीत जास्त दर किती ते करारात लिहायचं का. मीच नको म्हटलं. ठेकेदार माघारी गेला असता आणि फोन परत मला सुरू झाले असते.”

बयाबाईंनी विचारलं, “उद्या सभेत सांगशील हे?”

“सांगते.”

“सांग मग.” एवढंच. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सभेत मी सगळं सांगितलं. कुणी आरडाओरडा केला नाही, मागून कुणीतरी ‘ऱ्हाऊ दे आता’ म्हणालं. मग नवा करार वाचायची वेळ आली आणि मी सवयीनं कागदाला हात घातला.

“सुवर्णा, तू बस,” बयाबाई म्हणाल्या. “तेजलला वाचू दे.”

तेजल त्यांची नात, बारावीत शिकते. मी बायकांमध्ये सतरंजीवर जाऊन बसले. पोरगी अडखळत वाचत होती. पाचव्या ओळीला, ‘बाजारभावाप्रमाणे’ या शब्दावर थांबली आणि भाऊसाहेबांना म्हणाली, “याचा अर्थ मला नाय माहीत. तुम्ही सांगा.”

बायका सरसावून बसल्या. जास्तीत जास्त किती ते लिवा, एकीनं बजावलं. माझ्या वाचनाला त्या नुसत्या माना डोलवायच्या. आता ओळीओळीला कुणी ना कुणी विचारत होतं, आणि माझ्याकडे कुणीही बघत नव्हतं.