डोळे भरणारा चाकू

मित्रांनो, मी कलमाचा एक जुना चाकू आहे. लाकडी मूठ आणि झिजून बोटभर उरलेलं पातं, असा माझा अवतार. फळझाडांच्या संशोधन बागेत माझं आयुष्य गेलं. फांदीवरचा डोळा, म्हणजे पानाच्या बेचक्यातला कोंब, सालीसकट अलगद काढायचा आणि दुसऱ्या रोपाच्या सालीत भरायचा, हे माझं काम. एके काळी बागेच्या संशोधक बाई मला रोज स्पिरिटने पुसत. मग नवे चाकू आले आणि माझी रवानगी ट्रॅक्टरच्या खोक्यात झाली. सुतळी काप, ग्रीस खरवड, पडेल ते काम!

त्या वर्षी आसपासच्या नाशपातीच्या बागा करपा रोगाने जळत होत्या. बाईंनी दोन जातींचा संकर करून बियांपासून शेकडो झाडं वाढवली होती. त्यांतल्या एकाच झाडाला करपा शिवला नव्हता, आणि फळही गोड होतं. यंदाचंही फळ पाहून मगच त्याची कलमं करायची ठरली होती.

बाईंचे दीर ट्रॅक्टर चालवायचे. नापास झाडांची ओळ उपटायला बाईंनी त्यांना सांगितलं. दुपारी बाई येऊन पाहतात तो काय, भलतीच ओळ उपटलेली!

"भावजी, हे काय केलंत?"

"तिसरी ओळ म्हणालात ना, वहिनी!"

"अहो, विहिरीकडून तिसरी! तुम्ही फाटकाकडून मोजलीत!"

ते एकुलतं एक झाड मुळं वर करून उन्हात पडलं होतं. पानांनी माना टाकल्या होत्या. डोळे सुकायच्या आत दुसऱ्या रोपांवर भरले नाहीत, तर ती जातच संपणार होती. नवे चाकू घेऊन कलमवाले दूरच्या बागेत गेलेले. भावजींनी खोक्यातून मला काढलं.

मी बोथट होतो, मित्रांनो. पहिले कितीतरी डोळे माझ्या पात्याखाली चेचले गेले. बाईंनी मला भावजींच्या हाती दिलं. भावजी मला दगडावर घासू लागले. तहान लागल्यावर विहीर खणायची, त्यातलाच प्रकार! मला धार येईपर्यंत मोजकेच डोळे हिरवे उरले होते. बाईंनी ते भरले, पट्टीने बांधले. प्रत्येकाखाली पानाचा देठ तेवढा ठेवला. डोळा जगला, तर काही दिवसांनी देठ बोट लावताच गळतो. मेला, तर तो वाळून चिकटून बसतो.

ते दिवस कुणाला अन्न गोड लागलं नाही. शेवटी बाई रोपांपाशी बसल्या. पहिला देठ चिकटलेला. दुसराही. पुढचेही तसेच. भावजी पाठ फिरवून उभे राहिले. बाईंनी अगदी शेवटच्या रोपाला बोट लावलं आणि देठ टपकन गळाला.

"भावजी, पडला!"

तो धिप्पाड माणूस मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

आज त्या एका डोळ्यापासून झालेली झाडं गावोगाव फळं देतात. लोक बाईंना शाबासकी देतात, ती योग्यच आहे. मला मात्र ते चेचलेले डोळे आठवतात. म्हणून सांगतो, हत्याराला काम नसतानाही त्याची धार राखा. आमची गरज लागते, तेव्हा दगड शोधायला वेळ नसतो. त्या वेळी एक डोळा वाचला. पुढच्या वेळी तेवढाही वाचेल, याची खात्री मला नाही.