गहिनीनाथच्या पाठीतली सळई

मी एक जुनी सळई आहे. बांधकामावरची नव्हे बरं का, मित्रांनो! मी टायटॅनियमची, वीतभर लांब. गंज कसा असतो ते मला ठाऊक नाही. मिरजगावच्या गहिनीनाथ टेम्पोवाल्याच्या पाठीत, मणक्यांना धरून, मी कित्येक वर्षं राहते आहे.

कारखान्यात मला घासून लख्ख केलं आणि नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या कपाटात मी फार स्वप्नं पाहिली. वाटायचं, एखादा अंथरुणाला खिळलेला माणूस माझ्या जोरावर चालत घरी जाईल.

पण माझी भेट होण्याआधीच गहिनीनाथचं बिघडलं होतं. हे सारं मी पुढे घरातल्या बोलण्यातून ऐकलं. त्याची पाठ सारखी दुखायची, संध्याकाळी कणकण यायची, अंग वाळत चाललं होतं. टेम्पोच्या सीटमुळे दुखतंय, असं तो म्हणे. त्याची बायको अश्विनी पायाळू, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आलेले. अशा माणसाचा पाय लागला की पाठीतली चमक जाते, असं आपल्याकडे मानतात. सारं गाव पाठ धरून तिच्या दारी येई. मग घरचाच माणूस कशाला दवाखान्यात जातोय!

"लाव पाय," तो पालथा पडून म्हणायचा. "गावाला गुण येतो, मलाच न्हाई यायचा व्हय?"

ती हळूच पाय लावायची. तिलाही आपल्या पायाचा अभिमान होताच. पाठीवर टेंगूळ आलं, तेव्हाही तिनं पायच लावला. मग एका सकाळी तो उठायला गेला आणि त्याचे पाय हलेचनात.

"मणक्याचा टीबी आहे," नगरच्या दवाखान्यात त्याला तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आवो, पन ह्यांना खोकला न्हाई!" अश्विनी म्हणाली. टीबी हाडालाही होतो, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी पू काढला आणि मला स्क्रूंनी मणक्यांवर बसवलं. पायांचे निरोप नेणारा-आणणारा मज्जारज्जू माझ्या शेजारीच होता. दबून दबून तो निकामी झाला होता. बैल गेला अन् झोपा केला, तशी माझी गत! पुढे औषधांनी टीबी बरा झाला, हाड जुळलं, पण पाय परत आले नाहीत. एक्स-रे पाहून डॉक्टर म्हणाले, "सळई काय छान बसलीय!" मित्रांनो, तेव्हा मला फार लाज वाटली.

गाव म्हणतं, अश्विनीच्या लाथेनंच मणका मोडला. खोटं आहे ते. हाड आतून आधीच पोखरलेलं होतं, मी पाहिलंय. डॉक्टरांनीही तिला तेच सांगितलं, पण तिला पटत नाही. आता ती कुणालाच पाय लावत नाही, आणि लोक दुसरा पायाळू शोधतात.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाची पाठ दुखत राहिली, संध्याकाळी ताप येऊ लागला, तर हट्ट करा आणि त्यांना वेळेत दवाखान्यात न्या. उशीर झाला की माझ्यासारखी कितीही चांगली सळई असून उपयोग नसतो.

रोज अंघोळ घालून झाली की अश्विनी गहिनीनाथच्या पायाचा अंगठा दाबते.

"कळतंय का वो?"

"व्हय, आज जरा कळतंय," तो म्हणतो.

ती हरखते आणि दुसरा अंगठा दाबू लागते. माझ्या शेजारून कसलाच निरोप गेलेला नसतो.