लेहेनच्या कुरणाचे फाटक

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी फाटक आहे, आणि माणसांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. हे आधीच सांगितलेले बरे. पुढे ऐकताना तुम्हाला वाटायला नको की हे म्हातारे उगाच कुरकुरते आहे.

आयर्लंडमधले कॉर्क शहर जिथे संपते तिथे मी उभा आहे. शहरातल्या मोठ्या बागेतून निघालेली पायवाट नदीच्या काठाकाठाने येते, माझ्यातून लेहेन कुटुंबाच्या कुरणात शिरते आणि पलीकडच्या रानात जाते. माझी घडण जरा निराळी आहे. अर्धगोल कठडा आणि त्यात इकडून तिकडे झुलणारे दार. एका वेळी एकच माणूस कठड्यात शिरतो, दार आपल्या मागे लोटतो आणि पलीकडे निघतो. गाईला किंवा मेंढीला ते जमत नाही. कुत्र्याला मात्र जमते, आणि सगळे रामायण त्यातूनच घडले.

मला मॉस ट्वूमी नावाच्या लोहाराने घडवले. पुलाजवळ त्याची भट्टी होती. फिरायला येणारे लोक दगडी भिंतीवर चढून कुरणात उड्या मारत आणि भिंतीचे दगड ढासळत. म्हाताऱ्या जेरेमाया लेहेनने भांडण काढले नाही. तो मॉसला म्हणाला, "त्यांना यायचंच आहे ना, मग दारातून येऊ देत." दर वसंतात तो स्वतः मला हिरवा रंग देई. रविवारी चर्चमधून सुटलेली कुटुंबे माझ्यातून जात, तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटे. ते दिवस चांगले होते, पण त्यांच्याबद्दल जास्त सांगण्यासारखे काही नाही. चांगल्या दिवसांत काही घडतच नाही.

जेरेमाया गेला आणि कुरण त्याच्या मुलाकडे आले. हा कॉन. कॉनला माणसांपेक्षा मेंढ्या बऱ्या वाटत. खरे सांगायचे तर मला त्यात काही चूक दिसत नसे, कारण तोवर शहर माझ्या अंगावर आले होते. नवी घरे, नव्या मोटारी आणि मोकळी सोडलेली कुत्री. कॉन ट्रॅक्टर थांबवून प्रत्येकाला सांगे, "कुत्रं बांधा." लोक हसून हात हलवत. कुत्रे मोकळेच राही.

या फिरणाऱ्यांनी एक मंडळ काढले होते आणि त्याच्या म्होरक्या होत्या इटा कॉटर. त्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि कॉन त्यांचाच विद्यार्थी. त्यांचे लालसर कुत्रे होते, मर्फी.

"बाई, साखळी आणली नाही का?" कॉनने एकदा विचारले.

"मर्फीला साखळी लागत नाही. तो ऐकतो," बाई म्हणाल्या. "तू वर्गात कधी ऐकलं नाहीस, म्हणून तुला ते खरं वाटत नाही."

मागचे लोक हसले. कॉनचा चेहरा लाल झाला. ते हसणे त्याने गिळून ठेवले, हे मला दिसत होते.

वसंताच्या सुरुवातीची ती सकाळ होती. बारीक भुरभुर चालू होती. बाई त्या दिवशी एकट्याच आल्या होत्या. मर्फी त्यांच्या आधी माझ्यातून सुटला आणि थेट कळपात घुसला. मेंढ्या गाभण होत्या. त्या भेदरून नदीकडे धावल्या. काही पाण्यात पडल्या. एकीला त्याने काठावरच धरले. बाई हाका मारत राहिल्या. तो ऐकतो म्हणे. बऱ्याच वेळाने तो परत आला, तेव्हा त्याच्या तोंडाला लोकर आणि रक्त होते. बाई माझ्या कठड्यात उभ्या राहिल्या. त्यांनी गळ्यातला रुमाल काढला आणि त्याचे तोंड नीट पुसले. मग रुमाल कोटाच्या खिशात कोंबला आणि मान खाली घालून त्या शहराकडे निघून गेल्या.

मित्रांनो, हे मी पाहिले. पण फाटकाला कोणी साक्षीला बोलावत नाही.

कॉनने मेलेल्या मेंढ्या पुरल्या नाहीत. त्याने त्या माझ्यासमोर ओळीने मांडल्या. रविवारी मंडळ आले आणि एकदम थबकले. एका आईने लेकराचे डोळे झाकले.

"बघा," कॉन म्हणाला. "जवळ येऊन बघा. लाजू नका. हे कोणाच्या कुत्र्यानं केलं?"

कॉन बाईंकडेच पाहत होता.

"माझा मर्फी घरी होता," बाई म्हणाल्या. आवाज अगदी वर्गातला, ठाम. "आणि हा असला तमाशा करायला तुला लाज वाटायला हवी, कॉन लेहेन."

दुसऱ्या दिवशी कॉनने वेल्डिंगचे यंत्र आणले आणि माझे दार कठड्याला कायमचे चिकटवून टाकले. ठिणग्या उडत होत्या. मॉसने मला आगीतच घडवले होते, पण ती आग निराळी होती. मग कॉनने माझ्या गजांना इंजिनाचे काळे तेल फासले, वर काटेरी तार ओढली आणि 'मोकळा बैल आहे' अशी पाटी लावली. बैल वगैरे काही नव्हता.

त्यानंतर जे सुरू झाले, ते सांगायला मला आवडत नाही. मंडळाच्या लोकांनी तार कापली. कॉनने पुन्हा लावली. कोणीतरी पहार घालून माझा एक गज वाकवला. ज्या रविवारी सगळे जण फलक घेऊन जमले, त्या रविवारी कॉनने टाकी जोडलेला ट्रॅक्टर आणला आणि सगळ्या वाटेवर शेणकाला फवारला. लोक शिव्या देत पळाले. वास आठवडाभर गेला नाही. कॉनची मुलगी, डेर्व्हला, औषधांच्या दुकानात काम करी. तिच्याकडून औषध घ्यायचे लोकांनी बंद केले. ती बापाला एकदा माझ्यापाशी म्हणाली, "पप्पा, तुमचं भांडण मेंढ्यांचं आहे. माझ्याशी का कोणी बोलत नाही?" कॉनने खांदे उडवले आणि तार आणखी ताणली. आणि मला काय मिळाले? दोन्ही बाजूंच्या लाथा. आत शिरता येईना म्हणून बाहेरचे मारत, आणि बाहेरच्यांचा राग म्हणून आतला.

या सगळ्यांत एकच माणूस मला लाथ मारत नसे. डेनी कॉटर, बाईंचा नवरा. शहरातल्या त्या मोठ्या बागेत तो माळी होता. आता त्याचे डोके साथ देत नव्हते. माणसांची नावे गेली होती, दिवस गेले होते, पण पायांना वाट पाठ होती. बाग, नदीकाठ, मी आणि रान. तेवढे चालून आला की तो शांत राही, म्हणून बाई त्याला एकटे सोडत.

तो बंद फाटकाशी येई, दार लोटी, पुन्हा लोटी. हात तेलाने काळे होत. बराच वेळ उभा राही आणि मग वळून मोटारींच्या रस्त्याने रानाकडे निघे. त्या रस्त्याला पायी चालायला कडाच नाही. एक दिवस भिंतीपलीकडे मालमोटारीचा ब्रेक किंचाळला. डेनी रस्त्याच्या मधोमध उभा होता, चाकांपासून हातभर अंतरावर. कॉनने ते ट्रॅक्टरवरून पाहिले. तो भिंतीवरून उडी टाकून गेला आणि डेनीला दंडाला धरून माझ्यापाशी घेऊन आला.

"काका, या रस्त्यानं कुठे निघालात? मरायचंय का?"

डेनीने त्याच्याकडे पाहिले. "तू जेरेमायाचा पोरगा ना? तुझ्या बापाला सांग, फाटक अडकलंय. बिजागरीत काहीतरी गेलंय."

"सांगतो," कॉन म्हणाला.

"आजच सांग. तो लगेच दुरुस्त करील. चांगला माणूस आहे."

कॉनने खिशातले फडके काढले आणि डेनीच्या बोटांवरचे तेल पुसू लागला. एकेक बोट, हळूहळू. तेवढ्यात नवऱ्याला शोधत बाई धापा टाकत आल्या. हे दृश्य पाहून त्या माझ्या बाहेरच थांबल्या.

"त्याचा कोट बघ," त्या म्हणाल्या. "तुझ्या तेलानं वाया गेला."

"कोट धुता येतो, बाई. माझ्या मेंढ्या परत येणार आहेत का?"

"तू फाटक बंद केलंस म्हणून तो रस्त्यावर गेला."

"आणि मी बंद का केलं?"

डेनी माझ्या वाकलेल्या गजावरून हात फिरवत होता. बाई त्याच्या हाताकडे पाहत होत्या.

"मर्फीच होता," बाई शेवटी म्हणाल्या. "मी त्याचं तोंड पुसलं. इथेच उभी राहून."

"मला माहीत आहे. मी वरच्या बांधावर होतो."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"मी बोललो असतो तर लोक माझ्यावर हसले असते, तुमच्यावर नाही. ते तुमच्या तोंडून यायला हवं होतं." कॉनने फडके खिशात टाकले. "आणि माझ्या एकट्याला सांगून भागणार नाही. मला ते आधीपासून माहीतच आहे."

रविवारी बाईंनी मंडळाला माझ्यासमोर बोलावले आणि सगळे सांगितले. रुमालासकट. कॉन कुरणात पाठ करून उभा होता, पण ऐकत होता. मंडळातल्या अर्ध्या लोकांनी त्या दिवसापासून बाईंशी बोलणे सोडले. ज्यांनी त्यांच्यासाठी माझा गज वाकवला होता, त्यांचा राग सर्वांत मोठा होता. मर्फीला बाईंनी पुन्हा कुरणाकडे आणले नाही.

सोमवारी सकाळी कॉन कटर घेऊन आला, त्याने वरची तार काढली आणि माझे जोड कापले. बाई डेनीला घेऊन बाहेर उभ्या होत्या.

"हे काकांसाठी," कॉन त्यांच्याकडे न बघता म्हणाला. "तुमच्यासाठी नाही."

"तुझ्याकडून मला काही नकोच आहे," बाई म्हणाल्या.

दार हलले तेव्हा मी असा कर्कश आवाज केला की मेंढ्या पळाल्या. डेनी माझ्यातून गेला आणि रानाच्या दिशेने चालू लागला, जणू मधले काही घडलेच नव्हते.

मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल की आता सगळे गोड झाले. नाही झाले. कॉन आणि बाई अजूनही एकमेकांना ओळख देत नाहीत. डेर्व्हलाच्या दुकानात लोक परत येतात, पण ती त्यांना नुसते औषध देते, हसत नाही. आणि मी पूर्वीचा राहिलो नाही. कापलेल्या जागी चट्टे आहेत, बिजागरी वाकडी झाली आहे. पूर्वी मी आपल्या वजनाने आपणहून मिटत असे. आता मिटत नाही. कोणीतरी मला ढकलावे लागते.

रोज बाई डेनीला पुढे जाऊ देतात आणि मागे वळून मला लोटतात. दार खांबाला टेकल्याचा आवाज येईपर्यंत हात काढत नाहीत. वरच्या बांधावर कॉन उभा असतो. त्या त्याच्याकडे बघत नाहीत, तोही हात हलवत नाही. पण आवाज ऐकल्याशिवाय तो कामाला लागत नाही.

तुम्ही कधी या वाटेने आलात तर माझ्यावर प्रेम करू नका. मला त्याची सवय नाही. मला रंगही देऊ नका. फक्त पलीकडे गेल्यावर क्षणभर थांबा आणि मला नीट मिटा. कुरणात मेंढ्या आहेत, आणि त्या पुन्हा गाभण आहेत.